वीतभरावरचं स्टेशन

हॅलो? … कोण? … अगं मोठ्यानं बोल. मोतीबिंदू डोळ्याला झालाय, कानाला नाही, तरी तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. … हां, आता बोल.

थांब, थांब. आधी मला सांग, तुझ्या दादानं फोन करायला लावला ना? … खोटं बोलू नकोस. आईची आठवण तुला रविवारी येते. आज कुठला आलाय रविवार?

हो, भांडले मी त्याच्याशी. … नाही, सुरुवात त्यानं केली. डॉक्टरीणबाईंच्या समोर केली. तुला त्यानं अर्धंच सांगितलं असणार, स्वतःच्या सोयीचं. उरलेलं माझ्याकडून ऐक.

त्या बाई मला विचारतात, आजी, उद्या डोळ्यात भिंग बसवायचं, तर दूरचं बसवू की जवळचं? … हो, असं विचारतात. मला कुठे माहीत होतं? मला वाटलं मोतीबिंदू काढला की झालं, खिडकी पुसल्यासारखं. तसं नसतं म्हणे. दूरचं बसवलं की लांबचं चष्म्याशिवाय दिसतं आणि जवळ बघायला चष्मा लागतो. जवळचं बसवलं की उलटं. … हां, तेच. तर मी तोंड उघडतेय तोवर तुझा दादा, "दूरचं, दूरचं." दुकानात बसून कापड दाखवायला सांगावं तसा. खुर्चीत मी. डोळा माझा. हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली, त्यामुळे मान वळवून त्याच्याकडे बघताही येईना.

अगं ऐक ना, तेवढं मी गिळलं असतं. पुढे बाई विचारतात, आजी दिवसभर काय करतात? त्यावरून ठरवतात म्हणे. आणि हा म्हणतो, "काही नाही, घरीच असते."

… हसू नकोस. … घरीच असते. मांजर असतं घरी. कपाट असतं.

… तिथे नाही बोलले. परक्या माणसासमोर पोराचा पाणउतारा कशाला करू? बसमध्ये बोलले. … हो, भरलेल्या बसमध्ये. … मग ऐकू दे की लोकांना. ड्रायव्हरसुद्धा आरशातून बघत होता. चांगला माणूस दिसला, मान डोलावत होता.

… हो, गाडीसाठीच. दुसरं काय आहे माझ्याकडे?

… कोण विचारतंय मागून? … जावई? कुठली गाडी म्हणतायत? … अगं, इतकी वर्षं झाली लग्नाला आणि नवऱ्याला सांगितलं नाहीस तू? टाक, स्पीकरवर टाक. मीच सांगते.

अहो जावईबापू, मागे तुम्ही आलात तेव्हा माझ्या टेबलावर मनगटी घड्याळ होतं बघा. तुम्ही उचलून म्हणालात, बंद पडलंय हे, काटेच नाहीत. … हां, तेच. काटे मी काढलेत. तासाचा काढला, मिनिटाचा काढला, सेकंदाचा ठेवला. त्या काट्याच्या टोकाला कागदाची वाकडी पट्टी, आणि पट्टीवर गाडी. … हो, आगगाडी. इंजिन आणि मागे डबे. तबकडीच्या कडेनं रूळ. सेल घातला की निघते, दर मिनिटाला स्टेशनात येते. एकदाही उशीर नाही. … केवढी? तांदळाचा एक दाणा घ्या, त्याचा अर्धा करा. तेवढं इंजिन. … नाही, वेळ नाही कळत त्यात. वेळ बघायला भिंतीवर दुसरं आहे.

… रूळ? माझ्याच केसांचे. पिकलेले आहेत, उजेड पडला की चमकतात. फुकटचा माल. … डबे कागदाचे. तिसरा लावला तेव्हा काट्याला वजन झालं, गाडी अडायला लागली. मग काट्याच्या मागच्या शेपटीवर मेणाचा ठिपका ठेवला, तराजू बरोबर केल्यासारखा. चालायला लागली. … भिंग नाही हो. चष्मा काढायचा आणि नाकाशी धरायचं, एवढंच. मला लांबचं म्हणाल तर दारात उभा असलेला माणूस बाप्या की बाई ते कळत नाही, पण नाकाशी धरलेलं जसं दिसतं तसं कुणाला दिसत नसेल. जन्मापासून तसंच. बरं, पुढच्या वेळी आलात की दाखवते. हात खिशात ठेवायचे, एवढी एकच अट.

बंद कर गं आता तो स्पीकर. … केलास? … खरंच केलास ना?

हां. तर बघ, दूरचं भिंग बसवलं की माझं नाकासमोरचं गेलं. कायमचं. भिंग एकदा आत गेलं की गेलं, नको म्हणून बदलून मिळत नाही. बाई स्वतः म्हणाल्या.

… चष्मा लावून करू? केलंय ते करून. तुझ्या दादानं आणलं होतं मागे घड्याळवाल्याकडून, डोळ्यात अडकवायचं ते भिंग. त्यातून बोटं केवढी दिसतात, माझी वाटतच नाहीत. दुसरं कुणीतरी हात घालून माझं काम करतंय असं वाटतं. आणि एकच डोळा. चिमट्याचं टोक वस्तूच्या अलीकडे की पलीकडे, ते कळायला दोन्ही डोळे लागतात. तू सुईत दोरा ओव एक डोळा मिटून, मग मला शहाणपण सांग.

… काय? … एक डोळा दूरचा आणि एक जवळचा? असंही करतात? … कुणी सांगितलं, दादानं? म्हणजे एक डोळा त्याचा आणि एक माझा. वाटणी चाललीय का घराची? … नाही. आत्ताच सांगितलं ना, दोन्ही लागतात.

… हो, हो… कळलं. … पडले होते, नाही म्हणत नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकली. पण तेव्हा मोतीबिंदू होता बाई, धुकंच होतं सगळं, चष्मा लावूनसुद्धा. तो निघाला की चष्म्यातून दिसेलच की लांबचं, आजवर दिसत होतं तसं. चष्म्याचं मला ओझं नाही. नाकावर त्याची खाच पडलीय, तो नसला की चुकल्यासारखं होतं. तुझ्या दादाला मी चष्म्याशिवाय हवीय. कशाला? फोटोला?

… काय म्हणालीस? … खरी गाडी बघता येईल?

बघ बाई, खरी गाडी तू मला सांगू नकोस. मी फाटकावर वाढले. तुझे आजोबा फाटकवाले, रुळाला लागून आमची खोली, गाडी गेली की भांडी वाजायची. पण ती मला दिसली कधी? आवाज यायचा, जमीन हलायची आणि समोरून एक तपकिरी पट्टा जायचा. सलग. मला वाटायचं गाडी अशीच असते, लांबलचक भिंत, पळणारी. बाकीची मुलं हात करायची. मीही करायची, पट्ट्याला. कुणाला करतेय ते माहीतच नाही.

… नाही, कुणाला कळलं नाही. मलाच कळलं नव्हतं तर दुसऱ्याला काय कळणार? मला वाटायचं सगळ्यांना एवढंच दिसतं.

आणि शाळा का सुटली माझी, माहितीये तुला? … काय? … डोकं चालत नव्हतं म्हणून? कोण म्हणालं? … मी म्हणाले?

… हो, असेन म्हणाले. मास्तरानं जे घरी येऊन सांगितलं तेच मी पुढे सांगत आले. अगं, फळा दिसत नव्हता मला. मास्तर विचारायचा, काय लिहिलंय? मी म्हणायची, काही नाही लिहिलं. खरंच काही नव्हतं, काळा चौकोन होता. पोरं हसायची. मास्तरानं आजोबांना सांगितलं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, घरी बसवा. बसवली.

… अगं रडतेस काय? मेले का मी? नाक पूस. पूस आणि ऐक.

ओळखलं ते तुझ्या बाबांनी. लग्नानंतर त्यांच्या शिंपीदुकानातली काज-बटणं घरी आणून द्यायचे. मी कापड नाकाला लावून बसायची. एकदा म्हणाले, वास घेतेस का कापडाचा? आणि तसेच उठले, चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. चष्मा लागला. पण काज करताना मी तो काढूनच ठेवायची. माझं काज बघून गिऱ्हाईक विचारायचं, मशीनवर केलं का? तुझे बाबा म्हणायचे, हो, मशीन आमच्या घरी आहे, चहा पिते.

तर चष्मा लावून मी पहिल्यांदा माहेरी गेले, फाटकावर. गाडी आली. अगं, खिडक्या होत्या तिला. खिडक्यांत माणसं होती. एक बाई केस विंचरत होती. मी तिथेच उभी, हात वगैरे काही केला नाही. वाटलं, एवढं सगळं रोज समोरून जात होतं आणि मला एकानंही सांगितलं नाही.

म्हणून माझ्या डब्यांना खिडक्या आहेत. रंगवलेल्या नाहीत, कापलेल्या आहेत. गाडी मला एकदा नीट बघायची होती, थांबवून, हातात धरून. तेवढी लहान केली तेव्हा ती अख्खी दिसली. आता तुझा दादा म्हणतो, आई, तुला रस्त्यापलीकडची पाटी वाचता येईल. काय असतं पाटीवर? इथे गाड्या लावू नयेत. ते वाचायला डोळा देऊ?

… हो ना, झालीच आहे. म्हणजे होत आलीय. एकच राहिलंय. … फाटक. स्टेशनाच्या अलीकडे फाटक केलंय, फाटकाशी एक मुलगी उभी आहे. लाल दोऱ्याच्या तंतूचा फ्रॉक. तिला चष्मा घालायचाय.

… अगं हो, चष्मा. माणसांना घालतात तसा. तांब्याच्या तारेचा. जुन्या फोनच्या वायरीतून निघते बघ, केसाहून बारीक. … झाला होता की. एकदा झाला होता. मोतीबिंदू पिकायच्या आधी. दोन गोल, मधे आकडा, घातला होता तिच्या नाकावर. नाक म्हणजे काय, आहे म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तुझा दादा आला, पेला उचलला… मी काचेचा पेला उपडा घालून ठेवते ना त्यावर… तर पेला उचलला, म्हणाला, आई, धूळ बसलीय. आणि फूऽऽ केली.

… हो. गेला. … कुठे शोधणार? खोलीभर शोधला, त्यालाही गुडघ्यावर बसवला. विचारतो, कसा दिसतो? म्हटलं, चष्म्यासारखा. बिचाऱ्याला एवढं स्वच्छ दिसतं, समोरच्या इमारतीवर कुणाचा टॉवेल वाळतोय ते सांगतो, आणि नाकाखाली काय आहे त्याला धूळ म्हणतो.

तेव्हापासून ती पोरगी तशीच उभी आहे. मी परत करायला बसले, पण धुकं यायला लागलं. दोन गोल वळले तर एक अंड्यासारखा होतो. तार तुटते. म्हणून तर ऑपरेशनला हो म्हटलं मी, नाहीतर या वयात कुणाला डोळ्यात सुरी घालून घ्यायची हौस आहे? मला वाटलं, धुकं जाईल, चष्मा होईल. आणि हा तिथे बसून माझं कामच काढून घेतो, दोन शब्दांत.

… डॉक्टरीणबाईंना? विचारलं मी. दादा गोळ्या आणायला खाली गेला तेव्हा हळूच विचारलं. डोळ्यापासून चार बोटांवरचं ठेवता का म्हटलं. त्या म्हणाल्या, आजी, चार बोटं जमणार नाही, पण एक वीत जमेल. वीतभरावर धरलं की स्वच्छ दिसेल, चष्म्याशिवाय. मी म्हटलं, वीत चालेल. हात थोडा लांब धरायची सवय करेन, म्हातारपणी काय काय शिकतात माणसं. त्या म्हणाल्या, पण घरच्यांशी एकदा बोला, दवाखाना बंद व्हायच्या आत कळवा. आज संध्याकाळी. म्हणजे आत्ता. म्हणून तुझा दादा तुला मधे घालतोय.

… बोल. … अशी चाचरतेस का? बोल ना.

… कुठे? … बसथांब्यावर? … कधीची गोष्ट? मला नाही आठवत.

… हात केला त्यानं? … रस्त्याच्या पलीकडून?

… आणि मी तशीच गेले?

… तुला सांगितलं हे त्यानं? मला नाही म्हणाला. … काय म्हणाला? नीट सांग, त्याच्या शब्दांत सांग.

… हं.

… ऐकतेय.

… "आई माझ्याकडे बघून पुढे गेली, अनोळखी माणसाकडे बघून जातात तशी."

… हं. म्हणून दूरचं.

अगं मग तसं म्हणायचं. पायरी काय, पाटी काय, खरी गाडी काय… एवढी सगळी कारणं सांगितली आणि हे तेवढं पोटात ठेवलं. बाबांवर गेलाय. तेही दुखतंय तिथे सोडून दुसरीकडेच हात लावायचे.

… नाही, मी विरघळले नाही. वाईट वाटलं म्हणून कुणी डोळा देतं का? वाईट वाटलं तर जेवायला वाढतात. … हो, त्याचंही बरोबर आहे. मी कुठे नाही म्हणते? त्याचं बरोबर आहे आणि तरी भिंग जवळचंच बसणार.

थांब. दार वाजलं. … किल्लीनं उघडतोय, तोच आहे. … नाही, त्याला फोन देणार नाही. तुम्हा बहीणभावंडांचं बोलणं चालू झालं की मी परत "घरीच असते" होऊन जाते. तू फोन ठेवू नकोस. ऐकत राहा, साक्षीला.

ये रे. … तुझी बहीण आहे फोनवर. तुझा निरोप पोचला तिच्याकडून, आणि तू जो दिला नव्हतास तोही पोचला. … तिच्यावर ओरडू नकोस. बॅग ठेव. इकडे ये, टेबलापाशी. … नंतर पी पाणी. खुर्ची ओढ. आणखी. अशी पाहुण्यासारखी नाही, जवळ.

ते घड्याळवाल्याचं भिंग घे, खणात आहे. लाव डोळ्याला. हात खिशात. आणि श्वास तिकडे सोड, भिंतीकडे.

… पेला मी उचलते.

… हॅलो? आहेस ना गं? … बघतोय तो. कधी नव्हे ते बसून बघतोय, एरवी उभ्या उभ्या छान आहे आई म्हणून जातो.

हं, काय दिसतं? … ते रूळ. … केस आहेत, माझे. … हो, फिरतेय ती, थांब, येईल परत तुझ्यासमोर. … आली? खिडक्या बघ. … कापलेल्या. … हो, आरपार. पलीकडचं दिसतं त्यातून. … आता फाटकाकडे ये. उजवीकडे. … काठी नाही, फाटक आहे ते. तिच्याशेजारी. … हो, मुलगी.

… कुणाकडे बघतेय? कुणाकडेच नाही. हात केलाय तिनं, पण कुणाला ते तिला माहीत नाही. तिला दिसत नाही अजून. तिचा चष्मा तू उडवलास.

… नाही, रागावले नाही. बघ तू, भिंग काढू नकोस. … आता तुला सांगते, तुझी बहीण ऐकतेय, म्हणजे उद्या शब्द फिरवायला नको. बसथांब्यावर मी तुला ओळखलं नाही. खरंय ते. धुकं होतं. ते उद्या जाईल, आणि नाकावर चष्मा असेल, म्हणजे पुढच्या वेळी ओळखेन. आणि समजा नाकावर चष्मा नसला, तर पलीकडून हात करत उभा राहू नकोस. रस्ता ओलांडून ये. तू वीतभरावर आलास की तुझ्या भुवईतला पांढरा केससुद्धा दिसतो मला, आत्ता या धुक्यातूनही दिसतोय. एक आहे, डावीकडे.

… भुवईला हात नको लावू, आता नाही काढत कुणी तो.

तर भिंग जवळचं. दोन्ही डोळ्यांत. पहिला उद्या, दुसरा त्या म्हणतील तेव्हा. आता तुझ्या फोनवरून दवाखान्याला लाव आणि माझ्या हातात दे. बोलणार मी. तू नुसतं लावून द्यायचं. आणि उद्या तिथे परत कुणी तुला विचारलं, आई दिवसभर काय करतात, तर घरीच असते म्हणायचं नाही. रेल्वेत आहे म्हणायचं.